वसंतीचा फोन आला होता

काका, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मला अजून तुमच्यासाठी नीट रडता आलेलं नाही. रडायला बसले की मध्येच राग येतो. रागावायला बसले की कपाळावर सरकवलेला तुमचा चष्मा आठवतो, जो तुम्ही दिवसातून चार वेळा टेबलाखाली वाकून शोधायचात, आणि मग रागही धड राहत नाही. नुसतीच बसून राहते. समीर म्हणतो, जे वाटतंय ते लिहून काढ. नवऱ्यांना सगळं सोपं वाटतं. काय वाटतंय तेच कळत नसेल तर माणसाने काय लिहायचं?

ऑफिसच्या शोकसभेत सगळे तुमच्याबद्दल छान बोलले. आयुष्य मालवाहतुकीत गेलं, कुठे डाग म्हणून नाही, ड्रायव्हर लोक बापासारखं मानायचे. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठले, 'राव सरांनी मला' एवढं म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, हुंदका आला. एकीने पाण्याची बाटलीही पुढे केली. हुंदका वगैरे काही नव्हता. पुढे काय म्हणायचं ते ठरत नव्हतं.

तमिळ मुलखातल्या ओरगडमच्या यार्डात माझा पहिला आठवडा चालू होता. मी भिंतीच्या सावलीत उभी राहून आईला फोनवर सांगत होते की इथे माणसं रागावलीत की प्रेमाने बोलताहेत हेच समजत नाही, आणि भात खाऊन खाऊन माझा भात झालाय. मराठी कोणाला कळणार म्हणून आवाजही मोठा होता. मागून तुम्ही म्हणालात, "कोण गांवची गे तूं?" मी फोन तसाच कानाला लावून वळले. धोतर नाही, शेंडी नाही, साधा निळा शर्ट आणि खिशात तीन पेनं. नाशिकची म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "आम्ही तंजावरचे. तुमच्यापेक्षां आमचं मराठी जुनं." तेही असं, की जुनं म्हणजे आपोआपच चांगलं. तुमचं 'होणा' म्हणजे नको आणि 'अस्क' म्हणजे सगळं, हे अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले. माझं मराठी मात्र तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळत होतं आणि ते तुम्हाला मुळीच आवडत नव्हतं.

आपलं काम काय ते कोणाला सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. सासूबाईंना एकदा सांगितलं, माल भरलेले ट्रक वाटेत लुटले जाऊ नयेत हे बघते. त्या घाबरल्या. त्यांना वाटलं मी ट्रकमागे जीप पळवते. मी बसते वातानुकूलित खोलीत, पडद्यासमोर. ओरगडमहून गुम्मिडिपूंडीकडे आणि तिथून वर आंध्रात जाणाऱ्या आपल्या प्रत्येक गाडीचा त्यावर एक ठिपका असतो. ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या थांब्यांवर असेल तोवर हिरवा. वाट सोडली किंवा नको तिथे थांबली की लाल.

तुमच्या टेबलावर पडदा नव्हता. एक जुना बटणांचा फोन होता. दुपारी तीनच्या सुमारास तो वाजायला लागायचा. एकदा वाजायचा, थांबायचा. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. मी आधी समजले, बिघडलाय. मग तुम्ही समजावून सांगितलंत. कंट्रोल रूमचा फोन ड्रायव्हर उचलत नाहीत, उचललाच तर 'सगळं ठीक' म्हणून ठेवून देतात. बायकोचा उचलतात. म्हणून प्रत्येकाची बायको जेवणानंतर नवऱ्याला फोन करणार, चार शब्द बोलणार आणि तुम्हाला एक मिस्ड कॉल देणार. एकच रिंग म्हणजे नवऱ्याचा आवाज नेहमीचा आहे. रिंग थांबलीच नाही, तर तुम्ही उचलणार. पुढे फोन फुकट झाले, तरी त्या बायकांपैकी एकीनेही ही रीत सोडली नव्हती. एकदा एकीने कळवलं की हे फोनवर फार जांभया देताहेत, तर तुम्ही त्या माणसाला पुढच्या पेट्रोल पंपावर तासभर सक्तीने झोपवलंत.

"कुलूप मालाला राखतं गे," तुम्ही म्हणायचात. "ड्रायव्हरला कोण राखणार?"

यावरून आपण किती भांडलो. मी म्हणायचे, काका, या बायका आपल्याकडे नोकरीला आहेत का? त्यांना नवऱ्यावर पाळतीला कशाला बसवता? एखादीचं मूल तापाने फणफणलं, फोन राहून गेला आणि नेमकी त्याच दिवशी गाडी लुटली गेली, तर ती बाई जन्मभर स्वतःला दोष देत बसेल. तुम्ही म्हणायचात, पाळत होणा, ती काळजी. मी म्हणायचे, काळजीची ड्यूटी लावता येत नाही. तुम्ही कॉफीचा टंबलर खालच्या पसरट डबऱ्यात ओतत, परत टंबलरमध्ये ओतत माझ्याकडे बघायचात आणि विषय माझ्या सांबारावर न्यायचात. हे भांडण मला अजूनही पुरतं चुकीचं वाटत नाही. हाच तर घोळ आहे.

मग कंट्रोल रूम माझ्याकडे आली. त्याच्या आधी दोनदा तुम्ही बायकांच्या फोनवरून गस्तीची गाडी धाडली होती आणि दोन्ही वेळा काही निघालं नव्हतं. एकदा तर नवरा-बायकोचं सकाळी भांडण झालं होतं, म्हणून आवाज वेगळा. वरून मला विचारणा झाली. मी नियम केला की पडदा लाल झाल्याशिवाय गस्त निघणार नाही. तुम्ही वाद घालाल म्हणून मी मुद्दे लिहून आणले होते. तुम्ही कागद वाचलासुद्धा नाहीत. "बेस आहे," म्हणालात. "तूं म्हणतीस तसं." तुमच्या वयाच्या माणसाने माझं इतक्या सहज ऐकलं, याचा मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

त्या मंगळवारी रिंग थांबली नाही.

तुम्ही फोन उचललात. "सोल्लु मा," सांग गं, म्हणालात आणि ऐकत राहिलात. मी समोरच होते. तुम्ही फोनवर तळवा ठेवलात आणि मला म्हणालात, "मुरुगेसनची बाईल गे. नवऱ्यानं आज तिला नांव घेऊन बोलावलं म्हणे."

मी पडद्याकडे बघितलं. मुरुगेसनची गाडी, तांब्याच्या तारेची भेंडोळी, वर ताडपत्री, आउटर रिंग रोड. ठिपका हिरवागार. मला हसू आलं. मी म्हटलं, "काका, मी समीरला दिवसातून पन्नास वेळा नावाने हाक मारते. आमच्याकडे पण गस्त पाठवा."

तुम्हीही हसलात. "सरि मा, पाक्करेन," ठीक आहे, बघतो, असं तिला सांगून फोन ठेवलात. नंतर थोडा वेळ माझ्या पडद्याकडे बघत उभे होतात. मी आपल्या दोघांसाठी कॉफी मागवली.

तुम्ही का हसलात, काका? मी हसले ते मी बावळट म्हणून. आमच्याकडे बायकोला नावानेच हाक मारतात, त्यात काही बिघडलंय हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. पण तुम्ही? तुम्ही काकूंना 'अगे' म्हणायचात. पश्चिम मांबलमच्या तुमच्या घरी मी इतक्यांदा जेवले, आणि काकूंचं नाव मला तेराव्याच्या दिवशी भटजींच्या तोंडून कळलं. मुरुगेसन बायकोला मुलीची आई म्हणून हाक मारतो, 'तेजू अम्मा', हे तुम्हाला माहीत होतं, कारण तुम्हाला सगळ्यांचं सगळं माहीत असायचं. अशा माणसाने एकदम 'वसंती' म्हणणं म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त तुम्हालाच कळणार होतं. मग माझ्या हसण्याची वाट कशाला बघितलीत?

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते सलग मांडून बघायचंय. चहाच्या थांब्यावर दोघं त्याच्या केबिनमध्ये चढले होते. एकाने बरगडीला चाकू लावला होता. फोन वाजला तेव्हा त्यांनी सांगितलं, उचल आणि नेहमीसारखं बोल. तिथून त्यांनी गाडी आपल्याच यादीतल्या थांब्यावर नेली, म्हणून ठिपका हिरवाच राहिला. तिथे दुसरी गाडी पाठीला पाठ लावून उभी केली आणि ताडपत्री सोडून माल उतरवून घेतला. मुरुगेसनला पुढे नेऊन रस्त्यात सोडलं. अंगावर ओरखडाही नाही. केबिनमधलं धोक्याचं बटण दाबलेलं नाही. आपले ठरलेले थांबे चोरांना माहीत. कोणीही म्हणेल की ड्रायव्हर सामील आहे. मीही माझ्या अहवालात जवळजवळ तेच लिहिलं.

आठवड्याने चौकशी झाली. मुरुगेसन उभा होता, हात पुढे बांधून. त्याने सांगितलं, "मी बायकोला नावाने हाक मारली. ती ओळखेल म्हणून. ती राव सरांना सांगेल म्हणून." चौकशीला आलेले साहेब तुमच्याकडे वळले. त्यांनी विचारलं, मुरुगेसनच्या घरून त्या दिवशी फोन आला होता का? तुम्ही चष्मा पुसलात. म्हणालात, "नाही. मिस्ड कॉल आला. नेहमीसारखा."

तुमचा फोन बघायचं कोणाच्या मनातही आलं नाही. राव सर म्हणाले म्हणजे संपलं. मी तिसऱ्या खुर्चीवर होते. मला आधी वाटलं, तुम्ही विसरलात. मग वाटलं, आत्ता आठवेल. मग साहेबांनी फाईल मिटली आणि मी अजून पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. बाहेर आल्यावर मी "काका" एवढं म्हटलं. तुम्ही हात वर केलात. "होणा. आतां होणा गे." आत्ता नको. मी थांबले. आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

आता मी काय समजू? नियम माझा होता, हसले मी होते. खरं सांगितलं असतंत तर पहिली माझी मान गेली असती. म्हणून मला वाचवलंत? दुपारी भांडताना 'पोर आहेस' म्हणायचात, त्या पोरीला? तसं असेल तर माझ्यावर हे केवढं ओझं टाकून गेलात. की स्वतःला वाचवलंत? निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि फोन तुमच्या हातात होता. तसं असेल तर मी इतकी वर्षं कोणाच्या पाया पडत होते? कधी वाटतं, त्या बायकांना वाचवलंत. एकीने वेळेवर सांगितलं आणि आपण काही केलं नाही, हे बाहेर आलं असतं तर पुन्हा एकीनेही फोन केला नसता. आणि कधी वाटतं, यातलं काहीच नाही. साहेबांनी विचारलं, तोंडातून 'नाही' निघून गेलं, आणि मग ते परत घेता आलं नाही. माणसाचं तसंही होतं. सकाळी एक पटतं, दुपारी दुसरं. विचारायला तुम्ही नाही आहात. यासाठीच मला तुमचा सगळ्यात जास्त राग येतो, आणि यासाठीच तुम्ही हवे आहात.

तेराव्याला काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं. "शेवटले आठ दिवस जेवलेच नाहींत," म्हणाल्या. "ताटावर बसायचे, उठायचे. आपीसांत काय झालं होतं गे?" मी म्हटलं, कामाचा ताण होता काकू. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आणखी आमटी वाढली. खोटं बोलायला काही त्रास पडत नाही, हे मला तेव्हा समजलं. मीही न अडखळता बोलले.

गुरुवारी कंट्रोल रूमच्या फोनवर वसंती आली. मला समजावं म्हणून एकेक तमिळ शब्द सुटा करून बोलत होती. म्हणाली, मॅडम, राव सर जायच्या दोन दिवस आधी आमच्या घरी आले होते. मोसंबी आणली होती. अर्धा तास बसले. पावसाचं विचारलं, तेजूच्या शाळेचं विचारलं. उठले, दारात थांबले, चपला घातल्या, पुन्हा थांबले. मग गेले. त्यांना काय सांगायचं होतं, तुम्हाला माहीत आहे का?

ती पुढे म्हणाली, सोमवारी निकाल आहे. यांचं नाव पोलिसांकडे गेलं तर इथे कोणी यांना गाडी देणार नाही. पण मी त्यासाठी फोन केला नाही. हे माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, तू सरांना फोन केलाच नाहीस, माझा जीव जात होता आणि तू मिस्ड कॉल देऊन मोकळी झालीस. मी केला होता म्हटलं तर म्हणतात, राव सर खोटं बोलणार नाहीत.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही म्हणालात ते 'नाही' कुठवर गेलंय. नोकरीचं मी धरून चालले होते. त्या दोघांच्या घरात काय चाललं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमच्या आलं होतं. म्हणून मोसंबी घेऊन गेलात आणि तशीच ठेवून आलात.

आज रविवार. सकाळी पडप्पैला, मुरुगेसनच्या घरी जाऊन आले. पर्समध्ये माझा लेखी जबाब होता, उद्या साहेबांना द्यायचा. फोन आला होता, राव सरांनी उचलला होता, मला सांगितला होता, मी हसले होते आणि गस्त पाठवली नव्हती. चारच वाक्यं आहेत. तीन रात्री लागल्या. तुमच्या 'नाही'बद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. ते ज्याचं त्याने वाचावं, असं मी ठरवलं होतं. म्हणजे पुन्हा पळवाटच.

मुरुगेसन पायरीवर बसून तेजूच्या सायकलची साखळी चढवत होता. मला बघून उठला, ग्रीसचे हात मागे घेतले. प्लास्टिकची खुर्ची आली. मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. जिथे शब्द अडला तिथे तेजूने दिला, आणि ती शब्द देत असताना मला लाज वाटली, कारण तिने दिलेल्या शब्दांत 'हसले' हाही एक होता.

वसंती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. म्हणाली, "म्हणजे सरांनी ऐकलं होतं."

मी मान हलवली.

"मला वाटलं, मीच नीट सांगितलं नाही," ती म्हणाली. "नवऱ्याने नावाने हाक मारली, असं परक्या माणसाला कसं सांगायचं? मी लाजून हसत सांगितलं. मला इतके दिवस वाटत होतं, मी हसले म्हणून त्यांना थट्टा वाटली असेल."

म्हणजे काका, आपण तिघंही हसत होतो, आणि तो एकटा तिकडे बरगडीशी चाकू घेऊन बसला होता.

मुरुगेसन साखळीकडे बघत होता. मी जबाबाचा कागद काढला, उद्या हा देणार आहे म्हटलं, नोकरीचं बहुतेक होईल म्हटलं. माझ्या नोकरीचं काय होईल ते माहीत नाही, तेही म्हटलं. त्याने कागदाला हात लावला नाही. त्याने वर बघितलं आणि विचारलं, "मग मॅडम, राव सर खोटं बोलले?"

मी तुमच्या बाजूने काय काय सांगू शकले असते. त्यांचं वय झालं होतं. त्यांना मला सांभाळायचं होतं. ते मोसंबी घेऊन तुमच्या घरी आले होते, त्यांना सांगायचं होतं, जमलं नाही. यातलं काय खरं ते मला अजून माहीत नाही, आणि त्याने ते विचारलंही नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

तो उठून आत गेला. हात धुतल्याचा आवाज आला. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. मला वाटलं माझ्यासाठी, म्हणून मी हात पुढे केला. त्याने तो वसंतीपुढे धरला आणि तिचं पिऊन होईपर्यंत तिच्यासमोर तसाच उभा राहिला.

काका, हे तुमच्या हातून व्हायला हवं होतं.